मूळपेशी कॅन्सर मारत नाहीत: सांगली-साताऱ्याहून ट्रान्सप्लांटला निघण्याआधी

'ट्रान्सप्लांट' शब्द कानावर पडला की घरात पहिली चर्चा सुरू होते ती दात्याची. भावाचं जुळेल का, बहिणीचं घेतलं तर सासरचे काय म्हणतील, ऑपरेशन किती तासांचं. आक्रमक लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा वेगाने वाढणारा कॅन्सर) उलटल्यावर जे ट्रान्सप्लांट बहुतेक वेळा सुचवलं जातं, त्यात यातलं काहीच नसतं. दाता रुग्ण स्वतःच असतो. चिरफाड नसते. त्याच्या रक्तातूनच मूळपेशी, म्हणजे नवं रक्त तयार करणाऱ्या पेशी, काढतात, गोठवतात आणि काही दिवसांनी त्याच्याच शिरेतून परत सोडतात.

या परत सोडलेल्या पेशी कॅन्सर मारत नाहीत, हे सगळ्यात आधी समजून घ्या. कॅन्सर मारते ती त्याआधीची प्रचंड डोसची केमो. तो डोस इतका जबर असतो की हाडातली रक्त बनवणारी अस्थिमज्जाही करपून जाते. रान पेटवण्याआधी बियाणं कणगीत काढून ठेवावं आणि राख थंड झाल्यावर पेरावं, तसं हे काम आहे. मूळपेशी म्हणजे ते बियाणं. तणाचा निकाल आगीनेच लावायचा असतो.

एवढं कळलं की पुढच्या निम्म्या निर्णयांचा उलगडा होतो. साध्या डोसच्या केमोला गाठी विरघळत नसतील, तर डोस वाढवून फारसं हाती लागत नाही. म्हणून ट्रान्सप्लांटची खरी परीक्षा ट्रान्सप्लांटच्या वॉर्डात होत नाही. ती दोन महिने आधीच होऊन गेलेली असते.

सगळ्यात जास्त दिसणारा आक्रमक लिम्फोमा म्हणजे डिफ्यूज लार्ज बी-सेल. त्याचा पहिला उपचार आर-चॉप नावाची केमो, दर २१ दिवसांनी, साधारण ६ सायकल. दहांतले सहाएक जण यावरच बरे होतात, त्यांना ट्रान्सप्लांट लागत नाही. उरलेल्यांची गाठ एकतर पुरती जात नाही किंवा जाऊन परत येते. परत आली असं वाटलं की बायोप्सी पुन्हा करायची. नुसती सुई घालून केलेली एफएनएसी पुरत नाही. निदान कोअर बायोप्सी (जाड सुईने काढलेला तुकडा) हवी, जमत असेल तर अख्खी गाठ काढलेली उत्तम. आपल्याकडे मानेत गाठ दिसली की टीबीची औषधं सुरू करून सहा आठवडे वाट पाहण्याची खोड आहे, आणि लिम्फोमात ते सहा आठवडे फार महाग पडतात. पेट स्कॅनमध्ये चमकतंय तेवढ्यावरही जाऊ नका, टीबीची गाठही तशीच चमकते.

गाठ उलटल्याचं नक्की झालं की 'सॅल्व्हेज' केमो, म्हणजे उलटलेला आजार परत आटोक्यात आणणारी केमो. आर-आइस, आर-डीहॅप, आर-जीडीपी अशी नावं फाइलवर दिसतील. यातलं अमुकच भारी असं नाही. कोरल नावाच्या मोठ्या अभ्यासात आर-आइस आणि आर-डीहॅप जवळपास सारखेच ठरले. जीडीपी मुक्काम न करता घेता येते, म्हणून लांबून येणाऱ्यांना ती सोयीची. सिस्प्लॅटिन असलेल्या औषधांत मूत्रपिंड जपावं लागतं, केमोच्या दिवशी सलाइन आणि पाणी भरपूर. दोन-तीन सायकल झाल्या की पेट स्कॅन. रिपोर्टात 'डॉव्हिल' नावाचा आकडा १ ते ५ मध्ये दिलेला असतो, गाठ अजून किती चमकते ते सांगणारा. १, २ किंवा ३ असेल तर पुढचा रस्ता मोकळा. ४ किंवा ५ असेल तर घाई करून ट्रान्सप्लांटची तारीख घेऊ नका, डॉक्टरांना दुसरा पर्याय विचारा.

सॅल्व्हेजला प्रतिसाद आला की ट्रान्सप्लांट, हा दंडक १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या पार्मा अभ्यासातून आला. सॅल्व्हेजला प्रतिसाद दिलेल्या १०९ रुग्णांचे दोन गट केले होते. पाच वर्षांनी आजार न उलटता राहिलेले ट्रान्सप्लांटच्या गटात ४६ टक्के होते, साध्या केमोच्या गटात १२ टक्के. जिवंत असलेले ५३ विरुद्ध ३२ टक्के. मात्र तेव्हा रिटुक्सिमॅब (आर-चॉपमधलं 'आर') नव्हतं. आता रिटुक्सिमॅब घेऊनही वर्षाच्या आत जो लिम्फोमा उलटतो तो जात्याच चिवट असतो. कोरलमध्ये अशा रुग्णांपैकी तीन वर्षं आजाराविना राहिले ते पाचांत एक.

म्हणून वर्षाच्या आत उलटलेल्यांसाठी आज कार-टी पेशींचा उपचार पुढे आहे. त्यात रुग्णाच्याच संरक्षक टी-पेशी बाहेर काढून, कॅन्सर ओळखण्याजोग्या करून परत देतात. झूमा-७ या अभ्यासात दोन वर्षांनी आजाराविना राहिलेले कार-टीमध्ये ४१ टक्के आणि ट्रान्सप्लांटच्या रस्त्यात १६ टक्के होते. भारतात आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभ्या राहिलेल्या नेक्सकार-१९ या देशी कार-टीला ऑक्टोबर २०२३मध्ये मान्यता मिळाली. परदेशी कार-टीपेक्षा ती पुष्कळ स्वस्त आहे, तरी द्राक्षबागेवर किंवा उसाच्या बिलावर चालणाऱ्या घराला ती रक्कम उभी करणं अवघडच. ती जमत नाही आणि सॅल्व्हेजला गाठी छान विरघळल्या आहेत, अशा वेळी लवकर उलटलेल्या रुग्णालाही ट्रान्सप्लांट देणं चूक नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. वर्षानंतर उलटलेल्यात तर ट्रान्सप्लांट अजूनही पहिल्या पसंतीचं.

टी-सेल लिम्फोमात पहिल्याच उपचारानंतर ट्रान्सप्लांटचा विचार होतो. मेंदूतल्या लिम्फोमात केमो वेगळी असते, तिच्यात थायोटेपा हे औषध असतं. ते घामातून बाहेर येऊन काखेत, जांघेत कातडी सोलवटतं, म्हणून त्या दिवसांत तीन-चार वेळा साध्या पाण्याने आंघोळ, सैल सुती कपडे आणि रोज चादर बदलणं. पट्ट्या चिकटवू नयेत, मलमं लावू नयेत.

पेट चांगला आला की तपासण्यांचा आठवडा. २डी इको, फुप्फुसाची पूर्ण चाचणी (नुसतं फुंकणं नव्हे, कार्बन मोनॉक्साइड किती शोषला जातो ते मोजणारी), लघवी-रक्तावरून मूत्रपिंडाची क्षमता, बोन मॅरो, एचआयव्ही, हिपॅटायटिस सी. हिपॅटायटिस बीचं तेवढं बारकाईने बघा. नुसतं एचबीएसएजी (आत्ताच्या संसर्गाची तपासणी) निगेटिव्ह आहे म्हणून थांबायचं नाही, अँटी-एचबीसी (जुन्या संसर्गाची खूण दाखवणारी) तपासणीही हवी. जुनी दबलेली कावीळ रिटुक्सिमॅब आणि मोठ्या केमोनंतर उसळून येते आणि यकृत निकामी करू शकते. एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिरची रोज एक गोळी ते टाळते. दातांच्या डॉक्टरकडे याच आठवड्यात जाऊन या. किडलेली दाढ आत्ता काढली तर भरून यायला वेळ मिळतो, काउंट (रक्तातल्या पांढऱ्या पेशी) शून्य असताना तीच दाढ ताप आणते. मूल हवं असणाऱ्या तरुणांनी शुक्रजंतू गोठवण्याबद्दल विचारायला लाजू नये, आणि हे खरं तर सॅल्व्हेजच्याही आधी व्हायला हवं. तरुण बायकांनीही बीजांडं गोठवण्याचं तेव्हाच विचारावं.

आता पेशी काढणं. मूळपेशी हाडात राहतात, त्यांना रक्तात उतरवायला फिलग्रास्टिमची इंजेक्शनं देतात. वजनाच्या किलोमागे १० मायक्रोग्रॅम, रोज, चार दिवस, आणि पाचव्या दिवसापासून पेशी गाळून काढणाऱ्या यंत्रावर. ६० किलोच्या माणसाला रोज ६०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ३००च्या दोन. इंजेक्शन फ्रिजच्या आतल्या कप्प्यात ठेवायचं, फ्रीजरमध्ये नाही. गावाकडून नेताना बर्फाला थेट टेकू देऊ नका. तिसऱ्या दिवसापासून कंबर, मांड्या, छातीचं हाड ठणकतं. ते चांगलं लक्षण आहे, मज्जा कामाला लागली आहे. पॅरासिटामॉल चालतं, पण गोळी घेण्याआधी ताप मोजून वहीत लिहा, कारण गोळी ताप झाकते.

पाचव्या दिवशी सकाळी रक्तातल्या सीडी३४ पेशी, म्हणजे ही खूण असलेल्या मूळपेशी, मोजतात. मायक्रोलिटरमागे २० किंवा जास्त असतील तर काम सोपं. १०च्या खाली असतील तर प्लेरिक्साफोर नावाचं इंजेक्शन लागतं, किलोमागे ०.२४ मिलिग्रॅम, पेशी काढण्याच्या साधारण ११ तास आधी. म्हणजे रात्री उशिरा. ते महाग आहे आणि रात्री दहा वाजता धावाधाव करून मिळत नाही, म्हणून ते स्टॉकला आहे का आणि खर्चाच्या अंदाजात धरलंय का, हे आठवडाभर आधी विचारून ठेवा. पेशी कमी उतरण्याची कारणं ठरलेली आहेत: आधी खूप केमो झालेली असणं, कटिभागावर रेडिएशन, लेनालिडोमाइड किंवा फ्लुडाराबिन, मुळात प्लेटलेट कमी असणं. सॅल्व्हेजच्या सायकली उगाच वाढवू नयेत त्यामागे हेही एक कारण आहे.

यंत्रासाठी मानेत जाड, दोन तोंडांची नळी घालतात, डायलिसिसला असते तशी. हातातली बारीक पिक लाइन या कामाला पुरत नाही. चार-पाच तास रक्त यंत्रातून फिरून परत येतं. रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घालतात, ते शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या आल्या की लगेच सांगायचं, सहन करत पडून राहायचं नाही. कॅल्शियम दिलं की पाच-दहा मिनिटांत थांबतं. किलोमागे निदान २० लाख पेशी हव्यात, ५० लाख मिळाल्या तर उत्तम. ६० किलोच्या माणसासाठी म्हणजे १२ कोटी ते ३० कोटी. कधी एका दिवसात होतं, कधी दोन-तीन दिवस जातात.

पिशवीत १० टक्के डीएमएसओ नावाचं रसायन मिसळतात, नाहीतर बर्फाचे स्फटिक पेशी फोडून टाकतात. मग मिनिटाला एक अंश या गतीने थंड करून द्रव नायट्रोजनच्या टाकीत ठेवतात. द्रव नायट्रोजनचं तापमान उणे १९६ अंश. अशा पेशी वर्षानुवर्षं टिकतात.

मोठ्या केमोचं नाव बीम. शून्य दिवस म्हणजे पेशी परत देण्याचा दिवस, त्याच्या मागे मोजत जायचं. उणे ६व्या दिवशी कारमुस्टिन ३०० मिलिग्रॅम, उणे ५ ते उणे २ रोज इटोपोसाइड २०० आणि सायटाराबिन २०० दोनदा, उणे १ला मेल्फालान १४०. हे आकडे शरीराच्या दर चौरस मीटरमागचे, आणि ट्रान्सप्लांट केंद्रागणिक थोडे इकडेतिकडे होतात. कारमुस्टिन मिळत नसेल तर लोमुस्टिनच्या गोळ्या किंवा बेंडामुस्टिन वापरतात.

मेल्फालानच्या दिवशी एक साधी गोष्ट फार उपयोगी पडते: बर्फ. औषध सुरू होण्याच्या पाच-दहा मिनिटं आधीपासून, चालू असताना आणि संपल्यावर निदान अर्धा तास तोंडात बर्फाचे तुकडे धरायचे. तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथे कमी पोचतं आणि पुढच्या आठवड्यातले फोड निम्म्यावर येऊ शकतात. बर्फ वॉर्डानेच दिलेला, उकळलेल्या पाण्याचा. खाली रसवंतीवरचा नाही. जो शेजारी बसणार आहे त्याने घड्याळ लावून हे करून घ्यावं, कारण वीस मिनिटांत दात दुखतात आणि रुग्ण सोडून देतो.

शून्य दिवस बघायला अगदी साधा. पिशवी ३७ अंशांच्या पाण्यात वितळवतात आणि दहा-पंधरा मिनिटांत शिरेतून सोडतात. डीएमएसओमुळे खोलीभर लसणासारखा वास येतो, रुग्णाच्या श्वासाला तो एक-दोन दिवस राहतो. घसा खवखवतो, मळमळतं. लिमलेटची गोळी चघळली तर बरं वाटतं. लघवी एकदोनदा लालसर झाली तर घाबरू नका, पिशवीतल्या फुटलेल्या तांबड्या पेशींचा तो रंग असतो.

खरे कठीण दिवस अधिक ४ ते अधिक ११. पांढऱ्या पेशी जवळपास शून्य, तोंडात फोड, जुलाब, आणि बहुतेकांना ताप. काउंट कसा वाचायचा ते शिकून घ्या. एकूण पांढऱ्या पेशी ८०० आणि त्यात न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५० टक्के, म्हणजे न्यूट्रोफिल ४००. सलग तीन दिवस ५००च्या वर राहिले की पेशी रुजल्या म्हणायचं. साधारण दहाव्या-बाराव्या दिवशी ते होतं. प्लेटलेटना थोडा जास्त वेळ लागतो.

या दिवसांत प्लेटलेट १० हजारांखाली गेल्या की चढवतात, हिमोग्लोबिन सातच्या आसपास आलं की रक्त. हे रक्त आणि प्लेटलेट दोन्ही २५ ग्रे किरणांनी प्रक्रिया केलेलं, म्हणजे 'इर्रेडिएटेड' हवं. पेशी काढण्याच्या आठवडाभर आधीपासून ट्रान्सप्लांटनंतर निदान तीन महिने हा नियम. नाहीतर रक्तदात्याच्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) रुग्णाच्या शरीरात घर करून त्याच्यावरच उलटतात, आणि तो आजार सहसा जीव घेतो. 'घरचंच रक्त द्या, परक्याचं नको' हा आपल्याकडचा आग्रह इथे उलटा पडतो. सख्ख्या नात्यातलं रक्त या बाबतीत जास्त घातक, कारण शरीर ते परकं म्हणून ओळखतच नाही. नातेवाइकांनी रक्तदान जरूर करावं, पण ती पिशवी दुसऱ्या कुणाला जाऊ द्या. घरी आल्यावर मिरजेत किंवा साताऱ्यात रक्त लागलं तर आधी विचारा, किरणांची सोय प्रत्येक रक्तपेढीत नसते.

डिस्चार्ज मिळाला तरी लगेच गाव गाठू नका. तिसावा दिवस उलटेपर्यंत केंद्राच्या अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरात खोली घ्या. केंद्र पुण्यात असेल तर सांगली ते पुणे सव्वादोनशे किलोमीटरांच्या वर आहे, जतहून त्याहून लांब. साताऱ्याहून ११०, पण खंबाटकीत ट्रक आडवा झाला की त्या अंतराला अर्थ राहत नाही. ताप १००.४ फॅरनहाइट झाला की पहिली अँटिबायोटिक तासाभरात शिरेतून जायला हवी. म्हणून गावी परतल्यावर ताप आला तर गाडी पुण्याकडे काढू नका. आधी मिरज, सांगली, कराड किंवा साताऱ्यातलं आयसीयू असलेलं जवळचं रुग्णालय. तिथे रक्ताचं कल्चर (कोणता जंतू आहे ते शोधणारी तपासणी), लगेच पहिला डोस, मग केंद्राला फोन आणि मगच हलवण्याचा विचार. हे ऐनवेळी सुचत नाही. डिस्चार्जच्या दिवशीच डॉक्टरांकडून एक पानाचं पत्र घ्या: ट्रान्सप्लांटची तारीख, शेवटचे काउंट, कोणत्या औषधाची ॲलर्जी, तापात कोणती अँटिबायोटिक किती डोसने, रक्त फक्त इर्रेडिएटेड, आणि रात्री उचलला जाईल असा फोन नंबर. गावच्या डॉक्टरला ते आधीच दाखवून ठेवा. ताप आल्यावर पॅरासिटामॉल देऊन 'सकाळी बघू' म्हणणं ही या आजारातली सगळ्यात जीवघेणी चूक आहे.

घराची तयारी म्हणजे फरशी पुसणं एवढंच नाही. आपल्या भागात बुरशीचा धोका धुळीत असतो. हळदीचं पेव किंवा गोदाम, गुऱ्हाळावरची ओली चिपाडं, कडब्याची गंजी, शेणखताचा ढीग, भिंत पाडण्याचं काम, यांच्या जवळ निदान तीन महिने फिरकायचं नाही. एन-९५ मास्कमुळे धूळ कमी होते, पण त्या भरवशावर गोठ्यात जाऊ नये. गोठा घराला चिकटून असेल तर काही आठवडे दुसऱ्या घरी राहणं बरं.

खाण्याबाबत फार कडक पथ्याने जंतुसंसर्ग कमी होत नाही, उलट वजन घटतं. ताजं शिजवलेलं गरम जेवण, भाकरी, आमटी, मऊ भात, उकळलेलं दूध, अंडं पूर्ण शिजवून. केळं, मोसंबी धुऊन आणि सोलून. द्राक्षं मात्र काही महिने नकोत, तासगावची आपल्या बागेतली असली तरी. ती सोलून कुणी खात नाही. मोड आलेली कच्ची मटकी, कोशिंबीर, भेळ, उसाचा रस, सुटं ताक बंद. फोडणीतली हळद चालते. गुळवेलीचा काढा आणि प्लेटलेटसाठी पपईच्या पानांचा रस अजिबात नको, गुळवेलीने यकृताला इजा झाल्याचं दिसून आलेलं आहे.

कृष्णाकाठच्या लोकांनी तारीख घेताना पावसाळा मोजावा. २०१९ आणि २०२१चा महापूर आठवा. सांगलीच्या आयर्विन पुलाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ला धोका. पाणी चढल्यावर रस्ते बंद होतात आणि पूर ओसरल्यावर घराघरांत चिखल आणि बुरशी उरते. आजारामुळे घाई नसेल तर ट्रान्सप्लांटनंतरचे पहिले साठ दिवस जुलै-ऑगस्टात येणार नाहीत असं बघा. वाट पाहता येत नसेल, तर उंचावरच्या नातेवाइकाकडे सोय आधी करून ठेवा.

तीनेक महिन्यांच्या आसपास माणूस हिंडू-फिरू लागतो आणि औषधं मनानेच बंद करतो. ॲसायक्लोव्हिर साधारण वर्षभर असते, नागीण येऊ नये म्हणून. कोट्रायमॉक्साझोल न्यूमोनियासाठी, निदान तीन ते सहा महिने. कोरडा खोकला आणि जिना चढताना दम लागणं हे कारमुस्टिनचं उशिरा येणारं लक्षण असू शकतं, आठवड्यांनी किंवा महिन्यांनीही. स्टिरॉइड वेळेत सुरू झालं तर बहुधा आटोक्यात येतं. गावातला कफ सिरप पिऊन पंधरा दिवस घालवले तर फुप्फुस कायमचं आकसू शकतं.

लहानपणीच्या लसींचं संरक्षण या केमोत बरंचसं पुसलं जातं. सहा महिन्यांनंतर न्यूमोकॉकल, फ्लू, धनुर्वात-घटसर्प, हिपॅटायटिस बी या पुन्हा सुरू करायच्या. नुकतंच रिटुक्सिमॅब घेतलं असेल तर जरा उशिराने, कारण शरीर तेव्हा लसीला दाद देत नाही. गोवर-गालगुंड-रुबेला ही जिवंत लस, ती २४ महिन्यांच्या आधी नाही. घरात तान्हं नातवंड असेल तर त्याच्या लसी मुळीच चुकवू नका. फक्त पोलिओचे किंवा रोटाव्हायरसचे थेंब पाजल्यानंतर चार ते सहा आठवडे त्या बाळाची लंगोटी आजी-आजोबांनी नको, दुसऱ्या कुणीतरी बदलायची.